न ऐकलेलं ‘हो’

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



काही दिवसांपूर्वी आपल्या साप्ताहिक सत्संगात एक प्रश्न निघाला होता. लहानसहान खोटं हे खोटंच धरायचं का? उदाहरणं नेहमीचीच निघाली. फोन आला की "घरी नाहीत म्हणून सांग" म्हणणं, पाहुण्यांना "आत्ताच जेवलो" म्हणणं. सगळ्यांनी हसत हसत आपापली कबुली दिली आणि आरती होऊन आम्ही घरी आलो. त्या दिवशी आम्हाला सुचलं नाही, पण आमच्या घरात एक खोटं वीस-पंचवीस वर्षं रोज बोललं जात होतं. बोलणाऱ्यालाही ते खोटं वाटत नव्हतं, ऐकणाऱ्यालाही नाही. मोठ्या जाऊबाईंच्या कानाचं ऑपरेशन झालं आणि त्या घरी पडून होत्या, तेव्हा ते उघडं पडलं. त्यांच्या परवानगीने हे लिहितो आहोत. मजकूर त्यांनी स्वतः वाचला आहे आणि दोन ठिकाणी आम्हाला दुरुस्तही केलं आहे.

मोठ्या जाऊबाईंना सगळे अक्का म्हणतात. त्यांचा डावा कान लहानपणापासून वाहायचा. त्या काळी कान दुखला की लसूण तळलेलं कोमट तेल घालायचे, वाहिला की कापसाचा बोळा. सर्दी झाली की परत वाहायचा. असं होता होता पडद्याला भोक पडलं. कानाचा पडदा केवढा, तर करंगळीच्या नखाएवढा. त्याच्यामागे तीन इवली हाडं. त्यातलं शेवटचं, रिकिबीच्या आकाराचं, आपल्या सगळ्या शरीरातलं सर्वांत लहान हाड. एवढ्याशा जागेवर माणसाचा माणसाशी संबंध टांगलेला असतो. वय वाढलं तसं अक्कांना उजव्या कानानेही कमी येऊ लागलं. शेवटी यंदा मनाची तयारी झाली आणि नागपूरला ऑपरेशन झालं. कानाच्या मागून छेद घेतात, तिथल्याच स्नायूवरचं पातळ आवरण काढतात आणि त्याचं ठिगळ पडद्याला लावतात. आपल्याच अंगाचं कापड, आपल्याच अंगाला जोड.

पांढरकवडा, पाटणबोरी करत पैनगंगेचा पूल ओलांडून अक्कांना घरी आणलं, तेव्हा आम्हाला वाटलं अवघड ते झालं, आता फक्त आराम. पण घरचे दिवसच कसोटीचे असतात. ज्यांच्या घरी असं काही व्हायचं असेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नाक जोरात शिंकरायचं नाही, कारण आतून हवेचा दाब पडद्यावर येतो. शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची. कानात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, त्यामुळे डोक्यावरून अंघोळ बंद. खाली वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, कुंथायचं नाही. ऑपरेशनच्या कुशीवर झोपायचं नाही, उशी थोडी उंच. उठताना गरगरतं, म्हणून आधी बसायचं, मग उभं राहायचं. चावताना कानामागे ओढ बसते, म्हणून आठ दिवस मऊ भात-वरण, ज्वारीच्या कण्या आणि तूप. आणि भेटायला येणारं कोणीतरी मायेने तेलाची वाटी घेऊन आलंच, तर हात जोडून परत पाठवायची. डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांशिवाय कानात काही नाही. ताप, वाढती कळ, पू, चेहऱ्याची एक बाजू ओढल्यासारखी होणं, यातलं काही दिसलं तर वाट न बघता फोन करायचा.

आणखी एक गोष्ट कोणी आधी नीट समजून घेत नाही. ऑपरेशननंतर लगेच ऐकू येत नाही, उलट आणखी कमी येतं. कानात औषधाचा बोळा भरलेला असतो. ठिगळ धरलं की नाही, ऐकू किती वाढलं, हे तपासून कळायला दोन-तीन महिने जातात. तोवर आत फक्त स्वतःच्या चावण्याचा, गिळण्याचा आणि श्वासाचा आवाज. अक्का म्हणाल्या, "विहिरीत बसल्यासारखं वाटतं."

तर विहिरीतल्या माणसाशी बोलायचं कसं? पुतणी, म्हणजे अक्कांची लेक, किनवटहून सासरची परवानगी घेऊन पंधरा दिवस आली होती. तिने मुलाची शाळेची पाटी घेतली आणि त्यावर लिहून बोलणं सुरू झालं. औषध घेतलं का? भात आणखी वाढू? आज कापसाचा भाव काय? आणि त्या पाटीमुळे आमच्या लक्षात आलं, की गेल्या वीस वर्षांत अक्कांशी आम्ही इतकं पूर्ण वाक्यात कधी बोललोच नव्हतो.

आधी काय व्हायचं ते सांगतो. कोणी काही बोललं की अक्का म्हणायच्या, "हो हो." ऐकू आलं असलं तरी हो हो, नसलं तरी हो हो. आणि कधी त्यांनी विचारलंच, "काय म्हणालीस?" तर आम्ही एकदा परत सांगायचो, दुसऱ्यांदा थोडं जोरात, आणि तिसऱ्यांदा म्हणायचो, "काही नाही, जाऊ द्या." या घरात दोन वाक्यं होती. अक्कांचं "हो हो" आणि आमचं "काही नाही." दोन्ही खोटी. त्यांनी ऐकलेलं नसायचं, आणि आमचं काहीतरी असायचंच.

आपल्या आदिलाबादेत हे पटकन लक्षातही येत नाही. इथे घरात मराठी, बाजारात तेलुगू, शेजारी दखनी आणि आठवडी बाजारात गोंडी. निम्मं कळलं, निम्मं नाही, तरी "सरे, सरे" म्हणून पुढे जायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे. भाजीवालीशी ते चालून जातं, फार तर पावशेराच्या जागी अर्धा किलो येतो. पण घरात?

एका दुपारी आम्ही सगळ्या बसलो होतो. पुतणीने पाटीवर काहीतरी लिहिलं, पुसलं, परत लिहिलं आणि अक्कांपुढे धरलं. लिहिलं होतं, "तेव्हा तू हो म्हणाली होतीस. मग बाबांना का नाही सांगितलंस?"

अक्कांनी दोनदा वाचलं. मग खडू घेऊन खाली लिहिलं, "कशाला हो म्हणाले होते?"

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुतणीचं लग्न ठरत होतं, मुलगा चांगला होता, तिचाही नकार नव्हता. तिला एवढंच हवं होतं की तारीख पुढच्या उन्हाळ्यात धरावी, म्हणजे बी.एड.चं दुसरं वर्ष पुरं होईल. वडिलांशी बोलायचा धीर नव्हता. म्हणून ती स्वयंपाकघरात आली, कुकरच्या शिट्या चालू होत्या, आणि आईच्या पाठीमागे उभी राहून तिने हे सगळं सांगितलं. अक्का म्हणाल्या, "हो हो, बघू की." लेक निश्चिंत होऊन गेली. आठ दिवसांनी घरात पेढे आले आणि तारीख निघाली ती दीड महिन्यातली. लेकीने समजून घेतलं की आईने शब्द फिरवला. ती भांडली नाही. फक्त त्यानंतर तिने आईला मनातलं काही सांगितलं नाही. बी.एड. पहिल्या वर्षावर राहिलं. तो दोन वर्षांचा अभ्यासक्रम प्रवेशापासून तीन वर्षांच्या आत पुरा करावा लागतो. ती मुदत गेली. आता करायचं तर पहिल्यापासून.

आता जे लिहायचं ते जड जातं आहे. त्या दिवशी स्वयंपाकघरात तिसरं माणूस होतं. आम्ही. लिहिताना सवयीने ‘आम्ही’ म्हणतो आहोत, पण इथे त्या ‘आम्ही’त पहिलं नाव लिहिणारीचं धरा. आम्ही पोळ्या लाटत होतो आणि लेकीचं प्रत्येक वाक्य आम्ही ऐकलं. अक्कांनी ऐकलं नाही, हेही आम्हाला कळलं होतं. कारण आई असं काही ऐकते तेव्हा तिचा हात थांबतो. अक्कांचा हात थांबला नाही, त्या भाजी चिरत राहिल्या. आम्हाला दिसलं, आणि आम्ही मनात म्हटलं, आई-लेकीतलं आहे, आपण मध्ये कशाला पडायचं. नंतर तारीख निघाली तेव्हाही म्हटलं, त्यांचं काही बोलणं झालं असेल. झालं नव्हतं, हे आतून ठाऊक होतं.

म्हणजे या एका प्रसंगात खोटं बोललं कोण? अक्का "हो" म्हणाल्या, पण त्यांना काय विचारलं हेच माहीत नव्हतं. लेक खरंच बोलली. आम्ही तर तोंडच उघडलं नाही. कोणीच खोटं बोललं नाही आणि एका मुलीचं शिक्षण राहिलं, तीन वर्षं आई-लेकीत भिंत उभी राहिली. सत्संगातला प्रश्न आता आमच्या घरात येऊन बसला होता.

आम्ही त्याच्यावर बरेच दिवस विचार केला. आधी अक्कांच्या "हो"चा. न ऐकता म्हटलेलं "हो" खोटं आहे का? फसवायचा हेतू नव्हता हे खरं. पण "हो" या शब्दात दोन गोष्टी असतात. एक, मला मान्य आहे. दुसरी, मी ऐकलं आहे. पहिलीबद्दल अक्कांच्या मनात काहीच नव्हतं. दुसरीबद्दल मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं की ऐकलेलं नाही. म्हणून ते खोटंच, लहान असलं तरी. महाभारतात अश्वत्थाम्याच्या मरणाबद्दल धर्मराज बोलले ते शब्दाने खरं होतं, तरी द्रोणाचार्यांच्या हातून शस्त्र गळालं ते त्यातून जे समजलं त्यामुळे. शब्द खरा असणं पुरत नाही. समोरचा त्यावर विसंबून काय करणार, तेही आपल्याच खात्यावर जमा होतं. अक्कांनाही हे पटलं. पाटीवर त्यांनी लिहिलं, "विचारायला पाहिजे होतं. लाज वाटायची."

पण हा लाजेचा भाग नीट बघायला हवा, नाहीतर सगळा दोष ज्याचा कान गेला त्याच्या पदरात टाकून आपण मोकळे होऊ. लाज का वाटायची? कारण दोनदा विचारल्यावर तिसऱ्यांदा आमच्या कपाळाला आठी पडायची. लहान मुलं हसायची. पाहुण्यांसमोर कोणीतरी म्हणायचं, "त्यांना नाही येत ऐकू, तुम्ही आमच्याशी बोला." "ऐकू आलं नाही" हे खरं बोलण्याची किंमत आम्ही इतकी वाढवून ठेवली होती, की "हो" स्वस्त पडायचं. ज्या घरात खरं बोलणं महाग होतं, तिथे खोटं बोलणारा एकटा दोषी कसा? भाव चढवणाराही वाटेकरी आहे.

आणि आमचं "काही नाही" हे तर त्याहून वाईट. अक्कांचं "हो" संकोचातून यायचं, आमचं "काही नाही" कंटाळ्यातून. त्यांच्या खोट्यात समोरच्याला त्रास नको हा भाव होता. आमच्यात, मला त्रास नको एवढाच.

यावर आमच्या घरातच एक आक्षेप निघाला आणि तो खोटा नाही. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, संसारात दिवसभर शंभर वाक्यं बोलली जातात. कुकर झाला, वीज गेली, कोणीतरी शिंकलं. प्रत्येक वाक्य तीन-तीनदा सांगत बसलं तर कामं कधी होणार? ‘जाऊ द्या’ म्हटलं म्हणजे पाप झालं का?" खरं आहे. प्रत्येक वाक्य परत सांगण्याइतकं मोलाचं नसतं. पण कोणतं मोलाचं आणि कोणतं नाही, हे ठरवणारे आम्हीच का? वीज गेल्याचं वाक्य आणि लग्नाच्या तारखेचं वाक्य, दोन्ही आमच्याच चाळणीतून जायचं, आणि चाळण आमच्या सोयीची. यावर आम्हाला एवढंच सापडलं, की "काही नाही" म्हणू नये, "आत्ता हात गुंतलेत, नंतर सांगते" म्हणावं, आणि मग खरंच सांगावं. नंतरचं न सांगणं हे परत त्याच यादीत जातं.

आता आपल्या मार्गाचं. नवविधा भक्तीत पहिलं नाव श्रवणाचं. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नऊ भक्ती सांगितल्या, त्यातही आरंभ श्रवणापासूनच. अक्कांना हीच बोच होती. केंद्रात त्या वीस वर्षं पहिल्या रांगेत बसतात. त्या रात्री त्यांनी लिहिलं, "प्रवचनातलंही अर्धं ऐकू यायचं नाही. सगळ्या माना हलवायच्या तेव्हा मीही हलवायची. माझं श्रवण वायाच गेलं का?"

याला उत्तर द्यायची आमची पात्रता नाही. पण गीतेतली एक गोष्ट आठवली ती त्यांना सांगितली. अर्जुन अठरा अध्यायांत पुन्हा पुन्हा विचारतो. कधी म्हणतो, तुम्ही बोलता त्याने माझा गोंधळच होतो आहे, एक काय ते नक्की सांगा. कधी म्हणतो, आणखी विस्ताराने सांगा. दोन्हीकडे सैन्य उभं आहे, शंख वाजून गेले आहेत, तरी भगवंत एकदाही "काही नाही, जाऊ दे" म्हणत नाहीत. आणि सगळं सांगून झाल्यावर, अठराव्या अध्यायाच्या शेवटी, ते स्वतः अर्जुनाला विचारतात, की हे तू एकचित्ताने ऐकलंस ना, तुझा मोह गेला ना? सांगणारा विचारतो आहे! आम्ही गीता कितीदा वाचली, पारायणं केली, पण हे आमच्या नजरेत आलं नव्हतं. ऐकलं का, हे बघणं सांगणाऱ्याचंही काम आहे. म्हणजे श्रवण ही एकट्या श्रोत्याची भक्ती नाही. त्यात सांगणाऱ्याचाही वाटा आहे. आणि न कळलेलं विचारणं हा श्रोत्याचा अपराध नाही. अर्जुनाने मान हलवून "हो हो" म्हटलं असतं, तर गीता दुसऱ्या अध्यायातच संपली असती.

हे वाचून अक्का हसल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. मग कानामागे ओढ बसली म्हणून हात धरला.

हा एका घरचा प्रश्न नाही म्हणून एवढं लांबवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगात सुमारे 43 कोटी लोकांना उपचाराची किंवा मदतीची गरज पडावी इतकं कमी ऐकू येतं, आणि साठीच्या पुढच्या माणसांत हे प्रमाण चारांत एकाहून जास्त आहे. दर वर्षी 3 मार्चला जागतिक श्रवण दिन पाळतात. आपल्या केंद्रात दर आठवड्याला जे वृद्ध येतात त्यांच्याकडे या नजरेने बघा. माना सगळ्यांच्याच हलतात. त्यातल्या किती माना ऐकून हलतात?

आमच्या घरी आता तीन गोष्टी ठरल्या आहेत. अक्कांशी बोलायचं तर समोर येऊन, तोंड दिसेल असं बोलायचं, पाठीमागून किंवा दुसऱ्या खोलीतून नाही. ओरडायचं नाही, सावकाश बोलायचं. महत्त्वाचं काही असेल तर शेवटी विचारायचं, "काय ठरलं आपलं?" आणि त्यांच्या तोंडून ऐकायचं. अक्कांनीही आपल्याकडून एक शब्द दिला आहे, की "हो" म्हणायच्या आधी कळलं नसेल तर "परत सांग" म्हणेन, पाहुण्यांसमोरसुद्धा. केंद्रातही आम्ही सेविकांनी प्रवचनाचा सारांश मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहायला सुरुवात केली आहे. आणि या गटात मोठमोठे व्हॉइस मेसेज टाकणाऱ्या बंधू-भगिनींना विनंती, की खाली दोन ओळी लिहूनही टाकत जा. ज्यांना ऐकू येत नाही ते तुम्हाला कळवणार नाहीत, नमस्काराचा अंगठा टाकतील.

राहिली आमची स्वतःची गोष्ट. पुतणीला आम्ही सांगितलं, की त्या दिवशी आम्ही ऐकलं होतं आणि तुझ्या आईने ऐकलं नाही हेही पाहिलं होतं. पाटीवर नाही, तोंडाने सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काकू, एक शब्द बोलायचा होता." बस, एवढंच. तिने माफ केलं की नाही, हे आम्ही विचारलेलं नाही. विचारलं असतं तर ती बिचारी "हो" म्हणाली असती, आणि ते कसलं "हो" असतं हे आम्हाला कळलं नसतं.

किनवटला परत जाताना तिने पाटी आईच्या उशाशी ठेवली. त्यावर लिहिलं होतं, की येत्या वर्षी बी.एड.चा फॉर्म परत भरायचा विचार आहे, सासरी बोलणं झालं आहे, तुला काय वाटतं? अक्कांनी वाचलं. हातातलं काम थांबलं. मग त्यांनी तिच्याकडे बघून विचारलं, "लेकरू कोण सांभाळणार? नीट सांग मला."

टाके निघाले आहेत, बोळा काढून झाला आहे. ऐकू किती येईल ते दोन महिन्यांनी तपासल्यावर कळेल. जेवढं येईल तेवढं गुरुकृपेने आनंदाने घेऊ. बाकीचं आम्ही परत सांगू.

आपल्या घरी असं कोणी असेल तर आज संध्याकाळी त्यांच्यासमोर जाऊन बसा आणि मागे कधीतरी "काही नाही" म्हणून सोडून दिलेली एक तरी गोष्ट सांगा.

जय गुरुदेव. 🙏